पेटीवाल्याचा गाळा

ट्रेलर चालवणं सोडलं तेव्हा वाटलं होतं, आता बसून खायचं. उरणच्या रस्त्याला लागून आमच्या खाडीकाठच्या खारीतल्या भातशेतीचा एक तुकडा सरकारने बाकीची जमीन घेतल्यावरही शिल्लक राहिला होता. त्यावर भराव टाकून मी तीन गाळे बांधले. वर पत्रे, पुढे शटर. बंदर जवळ, मुंबई खाडीपलीकडे; गाळे रिकामे राहणार नाहीत असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण गाळे भाड्याने देणं म्हणजे बसून खाणं नव्हे, हे पहिल्याच पावसाळ्यात कळलं. खाऱ्या वाऱ्याने शटर गंजून अडकायचं. घुशी भिंतीखाली बिळं करायच्या. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा नोंदणी, पुन्हा पोलीस चौकीत कागद, आणि तोवर भाडेकरू निघून गेलेला. गाडी निदान बंद करून घरी तरी येता यायचं. गाळे बंद होत नाहीत.

कडेच्या गाळ्यातला पेटीवाला मात्र पहिल्यापासून टिकून होता. रोह्याच्या आतल्या बाजूच्या गावचा, भातशेती करणाऱ्या घरातला, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान. मासेमारीच्या होड्यांवर बर्फ आणि मासळी ठेवायला मोठ्या पेट्या लागतात, त्या तो फायबरच्या बनवायचा. साच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर रेझीनचा चिकट रस फासायचा, सुकलं की पुन्हा एक थर. शेवटी कडा घासून गुळगुळीत करायच्या. त्या घासण्याची पांढरी धूळ त्याच्या भुवयांवर बसलेली असायची. वास इतका उग्र की मधल्या गाळ्यात कुणी फार दिवस थांबत नसे. त्यामुळे मधला गाळा बहुतेक वेळ रिकामाच, आणि तिसऱ्यात एक जुने टायर साठवणारा. बायको कधीतरी म्हणायची, याच्यापायी मधला गाळा फुकट जातो. पण तोच पेटीवाला आमच्या मुलीच्या लग्नात दोन दिवस पाणी भरत होता, म्हणून ती पुढे काही बोलायची नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात एक तरुण एजंट आला. एका मोठ्या कंपनीला तिन्ही गाळे एकत्र हवे होते. मधल्या भिंती तोडायच्या, फरशी उंच करायची, सगळा खर्च त्यांचा. करारही अकरा महिन्यांचा नव्हे, चांगला लांबलचक. म्हणजे माझं वय होईपर्यंत मला शटरकडे बघायलाही लागलं नसतं. मी त्या पोराला चहा पाजला आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.

टायरवाला लगेच कबूल झाला. त्याला पनवेलकडे जागा मिळत होती. पेटीवाल्याकडे मी दुपारी गेलो. तो तोंडावरचं फडकं खाली ओढून बाहेर आला आणि आम्ही शटरच्या सावलीत उभे राहिलो. मी सगळं सांगितलं. त्याने वाद घातला नाही. रस्त्यावरचे कंटेनर बघत म्हणाला, "दादा, मला नारळी पुनवेपर्यंत ऱ्हाऊ द्या. मग मी आपसूक जातो."

त्याचं कारण मला ठाऊक होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि तेव्हाच लोक डागडुजी करून नव्या पेट्या घेतात. पुनवेला नारळ वाहून होड्या पाण्यात जातात. थळ, रेवस, करंजा, सगळीकडच्या लोकांना त्याने शब्द दिलेला होता. अशा वेळी जागा हलवली तर साचे लावण्यातच त्याचा हंगाम गेला असता.

मी बरं म्हटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणाली, "शब्द दिलात ना? मग झालं."

एजंटला मात्र हे पटलं नाही. तो दर दोन-चार दिवसांनी फोन करायचा. काका, पार्टी थांबणार नाही. काका, त्या माणसाला दुसरीकडे तात्पुरती जागा बघून देतो. मी म्हणायचो, थोडं थांब. जुलैच्या मध्यावर त्याचे फोन बंद झाले. मग कळलं की कंपनीने चिरनेरच्या बाजूला कुणाचे तरी गाळे घेतले. टायरवाला तोवर निघून गेला होता. तीनातले दोन गाळे रिकामे, आणि कडेच्यात पेट्या घासण्याचा आवाज. मला राग आला नाही. कंटाळा आला. अंगात ताप नसताना सगळं अंग दुखावं, तसं काहीतरी.

पेटीवाल्याला यातलं मी काही सांगितलं नव्हतं. मनात म्हटलं, कंपनी गेली तर गेली, हा तर आहे. आता त्याला हलायची गरज नाही. पुनवेच्या आदल्या दिवशी शेवटच्या पेट्या टेम्पोत चढल्या आणि तो आमच्या घरी आला. मी आनंदाने सांगितलं की कंपनीचं फिसकटलं, तू आता खुशाल राहा. तो पायरीवरच बसला. म्हणाला, नको, मी गावाला निघालो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याला दम लागत होता. पनवेलच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं, हा वास आणि ही धूळ ताबडतोब सोड. हे एप्रिलमधलं, म्हणजे एजंट येण्याच्याही आधीचं. त्याने फक्त घेतलेलं काम पुरं करायचं ठरवलं होतं.

मी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तुमी मला ऱ्हाऊ दिलं असतं?"

नसतं राहू दिलं. त्याच्याच भल्यासाठी म्हणून नसतं राहू दिलं, आणि कंपनीही मिळाली असती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, त्यामुळे त्याच्यावर चिडावं तरी कुठल्या बाजूने, ते कळेना. आतून बायकोने पाणी आणलं. तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्याला जेवूनच जा म्हणून सांगितलं आणि तो जेवून गेला. जाताना कंपनीबद्दल काहीतरी बोलायला लागला, तेव्हा मीच त्याला थांबवलं. साचे त्याने थळच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकले.

उरलेला पावसाळा गाळे दाखवण्यात गेला. माणसं यायची, छताकडे बघायची, भिंतीला नाक लावून वास घ्यायची आणि कळवतो म्हणायची. दिवाळीनंतर एक मंडपवाला आला. त्याने लग्नाच्या खुर्च्या, कमानी, गाद्या यांनी तिन्ही गाळे भरून टाकले. करार अकरा महिन्यांचाच. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, मधलं शटर अडकलंय.

जानेवारीच्या अखेरीस पेटीवाला अचानक दारात उभा. खांद्यावर पिशवी, तिच्यात शेतातले वाल. दम अजून लागतो म्हणाला, पण गावच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत दोनदा बसून का होईना, चढता येतं. भात कापून झाल्यावर वाल लावले, ते बरे आले होते. बायकोने त्याला विचारलं, करमतं का? तो म्हणाला, पोटापुरतं करमतं. मग त्याने मला गाळ्यात आता कोण आहे ते विचारलं. मी मंडपवाल्याचं सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "खुर्च्यांना वास येत न्हाय."

आम्ही तिघंही हसलो. तो एसटी पकडायला निघाला, तेव्हा मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. चढावर तो थांबला की मीही थांबायचो. खरं तर मलाही थांबायला हवंच होतं.