प्रेमलाकाकूंचं फुलपात्र

पहिल्याच फेरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या मल्लेशनं वसंतराव सरांची दोनशे साठ गणितं पुसून टाकली. फाइल दर आठवड्याला बिघडते म्हटल्यावर त्यानं व्हायरस ठरवला, डिस्क फॉरमॅट केली, आणि मग फ्लॉपीतली प्रत उघडली. ती बिघडलेल्या फाइलचीच निघाली. चांगली जुनी प्रत फॉरमॅटमध्ये गेली होती.

"आठवीतही तू प्रश्न वाचायच्या आधी उत्तर लिहायचास," सर म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

गणितं वहीत होती. ती परत टाइप करून द्यायचं मल्लेशनं कबूल केलं.

लातुरात तेव्हा, म्हणजे २००४ साली, गल्लोगल्ली क्लास निघाले होते. त्यातल्या एकाला सरांचं भूमितीचं पुस्तक छापायचं होतं. महिनाअखेरीपर्यंत मजकूर आला नाही तर ते दुसऱ्याचं घेणार होते. सरांनी तीस वर्षं वर्गात स्वतः रचलेली गणितं होती ती. निवृत्तीनंतर ती वहीतच राहतील, ही त्यांची एकच धास्ती.

दुसऱ्या फेरीला मल्लेश गप बसून बघत राहिला. मेमरी बदलून पाहिली, डिस्क तपासली, दोन्ही ठणठणीत. सर मात्र प्रत्येक ओळ झाली की फाइल सेव्ह करत. नव्यानं सुरू केलेली फाइलही आकृत्यांनी इतकी फुगली होती की एका सेव्हला अर्धा मिनिट जाई.

"आणि बिघडते कधी?"

"लाईट गेली की. सेव्ह चालू असतानाच जाते बघ." सरांनी डायरी पुढं केली. त्यांच्याकडं सगळ्याची नोंद असते.

मल्लेशनं तारखा लोडशेडिंगच्या वेळापत्रकाशी लावून पाहिल्या. लोडशेडिंग सकाळी सहा ते नऊ. फाइल जायची अकराला, नाहीतर चारला.

"सर, तुमच्या घरची लाईट टाइमटेबल पाळत न्हाई."

"म्हणून तर लाईट ऑफिसला तीन अर्ज दिलेत."

गुरुवारी तो अकराच्या आत येऊन बसला. गल्लीच्या टोकाला पोरींचं होस्टेल बांधणं चालू होतं. वाळूचा ट्रक घरावरून गेला. स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथ्या तांब्यावर ठेवलेलं फुलपात्र खणखणलं, आणि लाईट गेली. शेजारचा मिक्सर मात्र चालूच होता.

मल्लेश उठून बोळात गेला. सरांच्या पत्नी प्रेमलाकाकू मेन स्विचवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काकू, तुम्ही?"

"आधी बाहेर व्हा दोघं. मग विचार."

अंगणात आल्यावर त्यांनी श्वास घेतला. "त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे भिंतीचा गिलावा पडत होता, आणि हे घटक चाचणीचे पेपर आणायला परत आत गेले. मी बाहेरून हाका मारतेय. 'आलो' म्हणतात, येत नाहीत. आताही तेच. म्हणून फुलपात्र वाजलं की मीच मेन बंद करते; लाईट गेली तरच उठतात."

"पण काकू, तो वाळूचा ट्रक होता."

"ते बाहेर आल्यावर कळतं."

सर चपला शोधत होते. अकरा वर्षं एका घरात राहून त्यांना हे आज कळलं होतं. "म्हणजे ते अर्ज..."

"माहिती होतं मला," काकू म्हणाल्या. "हे अर्ज लिहीत होते तेवढा वेळ तरी दाराजवळ बसत होते."

मल्लेशनं यूपीएस सुचवला.

"त्यानं काय होतं?"

"लाईट गेली तरी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालतो."

"मग नको."

मल्लेशनं यूपीएसचा नाद सोडला. त्यानं मोठी फाइल फोडली, प्रत्येक प्रकरण वेगळं केलं आणि दहा गणितं झाल्यावरच सेव्ह करायची शपथ सरांना घ्यायला लावली. रोज संध्याकाळी सगळ्याची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये जाईल अशी सोय केली. पुढच्या आठवड्यात ट्रक दोनदा आला, फुलपात्र दोनदा वाजलं, सर दोनदा अंगणात उभे राहिले. नुकसान मिळून अकरा गणितांचं. ती त्याच दुपारी भरून निघाली.

पुस्तक अठ्ठावीस तारखेला क्लासवर गेलं. मल्लेशनं कबूल केलेल्यातली वर्तुळाची सतरा गणितं तेवढी टाइप व्हायची होती. ती सरांनी हातानं लिहून जोडली आणि तशीच छापली गेली.

दुकानावरून जाताना सर अजून थांबतात.

"मल्लेश, सतरा."

"व्हय सर, करायलोय."