निवांतांचा डबा

कारखान्यात त्यांना सगळे 'निवांत' म्हणत. का, असं विचारलं असतं तर उत्तर आठवडाभराने आलं असतं. बायको सकाळी भांडायची आणि संध्याकाळी, ती सगळं विसरून हसत असताना, हे सुरू करायचे, "मघाशी माझ्या भावाबद्दल काय म्हणालीस?" अशा माणसाला इंजिनांच्या चाचणीवर नेमणं म्हणजे कासवाला शर्यतीचा पंच करणं.

तर या गृहस्थांनी एक डबा बनवला. इंजिनाच्या पोटातले सेन्सर इतक्या झपाट्याने बोलतात, की सगळ्या यंत्रांची माहिती वाहणाऱ्या तारेला, म्हणजे 'बस'ला, ते झेपत नाही. डबा ती क्षणभराची बडबड टिपून ठेवायचा आणि मग दमादमाने बसवर सोडायचा. पडद्यावर आलेख उमटायला काही मिनिटं लागत.

"एवढा वेळ लावते म्हणजे आपल्याच स्टॉपवरची बस दिसतेय," बायको म्हणाली. पण डबा मोठ्या साहेबांना आवडला तर तात्पुरती नोकरी कायम होणार होती, म्हणून त्या दिवशी शर्टाला तिनेच इस्त्री केली.

साहेब आले. इंजिन धडधडू लागलं. पडद्यावरची रेघ कशी गुणी बाळासारखी! "वाढवा वेग," साहेब खुशीत म्हणाले. निवांतांनी वाढवला, आणि त्यांना ऐकू आलं. टक, टक. इंजिन फुटण्याआधीची ही टकटक ते झोपेतही ओळखत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. रेघ सरळच. कान काय, आपलेच. पडदा साहेबांना आवडलेला.

"अजून वाढवा."

त्यांनी वाढवला.

मग व्हायचं तेच झालं. काचेपलीकडे धूर, फरशीवर तेल, इंजिनाच्या कुशीला भगदाड. सगळे सुन्न उभे असताना पडद्यावर टकटक उमटू लागली, एकेक टोक सुबक.

"थांबवा! इंजिन जाईल!" साहेब ओरडले, आणि त्यांच्या सहायकाने लगबगीने लाल बटण दाबून मेलेलं इंजिन वाचवलं.

साहेबांनी घाम पुसला. "डबा चोख आहे हं. पण आधी कुणालाच कसं कळलं नाही?"

'नाही कळलं' एवढं म्हटलं की नोकरी कायम. निवांतांना ते सुचलंही होतं. पण त्या भगदाडाकडे बघून त्यांची जीभ वळेना.

"मला ऐकू आलं होतं, साहेब."

"मग?"

"पडद्यावर नव्हतं ना."