भाकरीवाल्या मावशीची आक्का

नवापूरला मुलींच्या मेसमध्ये मी भाकऱ्या थापते. तिथं जेवायला येणारी एक कॉलेजची पोरगी डोंगराकडच्या गावची, ख्रिस्ती. बाकीच्या पोरी ताटावर तुटून पडतात. ती आधी डोळे मिटून तिच्या घरच्या भाषेत प्रार्थना पुटपुटते. मैत्रिणी टोमणे मारतात, "तुन्हा देव जेवना का? भाजी थंडी व्हयी ऱ्हायनी!" ती हसते, पण घाई करत नाही. जाताना म्हणते, "मावशी, भाकरी मऊ होती." करपलेली असली तरी.

परवा तिकडं सांगलीला आईचं ऑपरेशन, आणि मी इथं. भाकऱ्या तव्यावर टाकतानाच फाटत होत्या. तिनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. आईचं नाव काय, म्हणाली. "आक्का," तोंडून गेलं. घरात सगळे तेच म्हणतो. तिनं डोळे मिटले. त्या प्रार्थनेतलं मला 'आक्का' तेवढंच कळलं.

मग मीच घाबरले. चौथीत शाळा सोडलेली मी. वाटलं, नाव चुकलं की अर्ज परत येणार. "अगं, खरं नाव द्रौपदी! आमच्याकडं घरोघरी आक्का. देवाला कसं कळायचं कुठली?"

तिनं एकच डोळा उघडला. "सांगितलंय त्याला, भाकरीवाल्या मावशीची."

संध्याकाळी भावाचा फोन आला, आक्का शुद्धीवर आली.

आता तिचे डोळे मिटलेले असले, की मी भाकरी थापायची थांबते.