वहीतले खोटे आकडे

ठकीची आई कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे. त्यांवर ती मेणाच्या हिरड्या चढवायची आणि एकेक दात केसभर सरकवत असा बसवायची, की घालणाऱ्याच्या हसण्यात कुठे खोट दिसू नये. अठरा वर्षांचा बसलेला हात. तिच्या लॅबचे मालक सगळ्यांना सांगायचे, "बाईंच्या कवळीनं अक्रोड फोडा खुशाल."

नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. घरात मायलेकीच. लेक पंधरा वर्षांची; गोबऱ्या गालांमुळे लहानपणी ठकी म्हणायचे, ते चिकटलंच. अकराव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. तोही असा, की जन्मभर रोज इन्शुलिनच्या सुया टोचायच्या.

त्या दिवसापासून आईच्या डोक्यात तराजू बसला. ठकीच्या ताटातला प्रत्येक घास आधी तिथे जोखला जायचा. दुपारच्या सुट्टीत ती हातातलं काम टाकून ठकीला फोन लावायची आणि विचारायची, "किती?" पेपर कसा गेला हे नाही, डबा आवडला का हेही नाही. ठकी साखरेचा आकडा सांगायची, आई वहीत उतरवायची. आकडा चांगला असला की दुपार बरी जायची. वाईट असला की एखादा दात हमखास तिरका बसायचा. झोप उडाली होती, स्वतःच्या जेवणाचं भान नव्हतं. लोक विचारायचे, "लेक कशी आहे?" आईचं विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं, तरी "मला काय धाड भरलीय?" असंच तिनं उत्तर दिलं असतं.

मग चारेक महिने आकडे झकास येऊ लागले. आई सुखावली. तीच वही घेऊन ती ठकीसोबत दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, वही पाहिली, ठकीचं साखर मोजायचं यंत्र मागून घेतलं.

"वहीत एक आणि रक्तात भलतंच," ते म्हणाले. "या महिन्यात अकरा दिवस तर यंत्राला हातही लागलेला नाही. इन्शुलिन तरी घेतेस ना दुपारी?"

"कधीकधी," ठकी जमिनीकडे बघत म्हणाली.

बाहेर आल्याबरोबर आईनं तिच्या थोबाडीत दिली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. ठकी रडली नाही.

"खरा आकडा सांगितला की तुझा आवाज कसा होतो ते ऐक एकदा," ती म्हणाली. "त्यापेक्षा खोटं बोललेलं परवडलं."

आईला कुणीतरी वर्मी घाव घातल्यासारखं झालं. पुढचे कितीतरी दिवस तिचा हात चाले पण दात बसेना. एका आजोबांच्या कवळीत तिनं डावे दात उजवीकडे लावून पाठवले. एका सकाळी मेण वितळवायच्या पेटत्या दिव्यासमोर ती नुसतीच बसून राहिली.

"बाई, मेण जळतंय!" मालकांनी धावत येऊन दिवा विझवला. आता ओरडतील म्हणून ती खाली मान घालून बसली. ते स्टूल ओढून समोर बसले. "दवाखान्यात जा. लेकीसाठी नव्हे, स्वतःसाठी."

ठकीच्या दवाखान्यातल्या सिस्टर दर गुरुवारी मधुमेह असलेल्या मुलांच्या आयांना एका खोलीत जमवत. ठकीच्या आईला कितीदा बोलावून झालं होतं. या वेळी ती गेली, मांडीवर पर्स आवळून बसली. ऐकते आणि उठते, असा बेत.

बसकंडक्टर असलेली एक बाई बोलत होती. "पोरगा ऐकतच नाही. कधीकधी वाटतं, एकदाचं काय व्हायचं ते होऊन जाऊ दे."

खोलीत कुणी दचकलं नाही. एकीनं तर मान डोलावली. ठकीच्या आईनं आवळलेली पर्स सोडली.

"माझ्याही मनात येतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, जगात मीच एक कैदाशीण आहे."

सगळ्या गेल्यावर सिस्टरनी तिला थांबवून घेतलं. झोप किती, भूक किती, जीव नकोसा होतो का, असं आडपडदा न ठेवता विचारलं आणि मनाच्या डॉक्टरांची वेळ स्वतः फोन करून घेतली.

नवरा आल्यावर ती म्हणाली, "दुपारचा फोन आता तुम्ही करायचा."

"तू करतेस की सगळं."

"करत होते. आता झेपत नाही."

 दुसऱ्या दिवसापासून तो ट्रक बाजूला लावून फोन करू लागला. ठकी सांगायची, "बाबा विनोदच सांगत बसतात. आकडा विचारायची आठवण मलाच करून द्यावी लागते."

आकडे आता खरे होते, म्हणजे वाईट होते. मध्ये दोन दिवस ठकीला दवाखान्यात ठेवावं लागलं. आईला मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप येऊ लागली, काळजी मात्र हटली नाही. तरी गुरुवार तिनं चुकवला नाही.

एका गुरुवारी ती चपला घालत असताना ठकी दारात येऊन उभी राहिली. "तिथे माझ्याबद्दल काय सांगतेस?"

"तुझ्याबद्दल थोडं. जास्त माझंच रडगाणं."

"मग ठीक." ठकी नखं कुरतडू लागली. "आई, काल संध्याकाळी साखर तीनशे ऐंशी होती. सांगितलं नव्हतं."

 जिभेवर आलेलं सगळं आईनं गिळलं.

"आत्ता किती आहे?"

"बघितली नाही. भीती वाटते."

आईनं चपला काढल्या आणि तिथेच, दाराशी खाली बसली.

"आण यंत्र," ती म्हणाली. "दोघी मिळून बघू."