वेळ विचारणारी बाई मीच

आमच्या बोरीवलीत लहानपणी एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. नॅशनल पार्कच्या भिंतीलगत एक जुना बसस्टॉप आहे, तिथे एक बाई उभी असते. ती फक्त एवढंच विचारते, "किती वाजले?" तुम्ही जी वेळ सांगाल, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तुम्ही खलास. आमच्या सोसायटीत तिला न पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. बी विंगमधल्या काकांना तर ती तीनदा दिसली होती आणि तिन्ही वेळा "घड्याळ दुरुस्तीला दिलंय" असं सांगून ते वाचले होते. काकूंचं म्हणणं, यांच्याकडे घड्याळच नव्हतं.

तर या बाईवर सिनेमा निघाला, आणि ती बाई झाले मी.

त्याआधी अकरा वर्षं मी अभिनयाच्या मागे वणवण करत होते. साबणाच्या जाहिरातीत मागे कपडे वाळत घातले. एका मालिकेत हळदीकुंकवाला आलेली तिसरी बाई होते. पहिल्या दोघींना वाक्यं होती. एका नाटकात तर मी प्रेत होते. दोन अख्खे अंक! मध्यंतरात लोक बटाटेवडे खायचे आणि मी पडद्यामागे मान चोळत बसायची.

बाबांना यातलं काही म्हणता काही पटलं नाही. बाबा मूळचे मालवणकडचे, आधी गिरणीत, ती बंद पडल्यावर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. मुलीने ऑफिसात जावं, डबा न्यावा, संध्याकाळी घरी यावं, बस. त्यामुळे त्यांनी सोसायटीत सरळ सांगून टाकलं होतं की मी बँकेत आहे. वाट लागली माझी! जो तो कागद घेऊन दारात. बी विंगमधल्या काकूंचे केवायसीचे फॉर्म मी इतकी वर्षं भरतेय की एखाद्या बँकेने मला खरोखर ठेवून घ्यायला हरकत नव्हती.

भुताचं काम मिळालं तेव्हा पेढे घेऊन घरी गेले. बाबांनी पेढा हातात धरून एकच विचारलं, "तोंड दिसतला?"

"नाही हो बाबा. चार तास मेकअप असतो. मलाच मी ओळखू येत नाही."

"मग ठीक आसा," म्हणाले आणि पेढा खाल्ला.

इतका राग आला ना मला! आतल्या खोलीत जाऊन रडले. मला त्यांच्याकडून कौतुकाचं भाषण नको होतं. चार माणसांत एकदा "ही माझी मुलगी" म्हणावं आणि ही काय काम करते तेही सांगावं, एवढंच हवं होतं. मी पस्तिशीची बाई, आणि अडून बसले होते कशावर, तर या एका वाक्यावर.

सिनेमा लागला तसा सोसायटीने रविवारचा तीनचा शो धरला. आपल्या बाईचा पिक्चर म्हटल्यावर सगळे निघाले. भूत कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक होतं, पण बाबांनी तिला गप्प राहायची शपथ घातली होती. मी आईच्या एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, मागच्या रांगेत बी विंग आणि त्यांच्या पर्समधून चोरून आणलेल्या चकल्या.

मी पडद्यावर आले आणि काकू किंचाळल्या, "अगं बाई! काय ते ध्यान!"

"इतकं काही वाईट नाही हं," आई मागे वळून म्हणाली.

"खरी बाई अशी नव्हतीच," काका म्हणाले. "खरी जरा उंच होती. आणि देखणी." मी मुकाट्याने चकली खाल्ली. बाबा ताठ बसून होते. हसले नाहीत, घाबरलेही नाहीत.

शेवटच्या प्रसंगात मांत्रिक त्या बाईला केसांनी धरून ओढत झाडापाशी आणतो. एक हातभर खिळा आणि हातोडा. बाई रडत असते. हे रडणं मी सलग सात वेळा रडले होते, घसा बसेपर्यंत. आणि इकडे थिएटरभर आरडाओरडा, "ठोक! ठोक रे!" सगळ्यांत मोठा आवाज काकांचा.

तेवढ्यात बाबा उठले. मला वाटलं, चालले. पण बाबांनी चपला काढल्या, पडद्याकडे तोंड करून हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा!"

गाऱ्हाणं! कोकणात कुठलंही कार्य असो, एकाने देवाला उभ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी साथ द्यायची. पण ते देवळात, अंगणात. थिएटरात कोण घालतं? मी आईचा हात घट्ट धरला. आणि अर्धं बोरीवली कोकणातलंच की! सवयीने पन्नासेक तोंडांतून निघालंच, "व्हय म्हाराजा!"

"ही जी बाई पडद्यार रडता, ता माझा चेडू आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणून झाल्यावर मागच्या रांगेला उमगलं, चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. काकांची चकली तोंडातच राहिली.

"अकरा वर्षां ह्या पोरीन चपलो झिजयल्यान, आणि मी लोकांक सांगलंय, ता बँकेत आसा. माझा जा काय चुकला-माकला आसात, ता पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता गुजराती कुटुंबंसुद्धा म्हणत होती. पडद्यावर खिळा ठोकून झाला, पण तिकडे बघतंय कोण? आई पदराने डोळे पुसत होती. माझं नाक असं वाहत होतं की विचारू नका.

बाबांनी हात आणखी वर उचलले.

"आणि म्होरल्या पिक्चरात तरी तेका जित्या बाईचा काम गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं थिएटर ओरडलं, आणि त्यात सगळ्यांत मोठ्याने मी.