चार घरांची लंगडी शेळी

तीन मार्चला शिंप्याकडे बटणांची काजं करणाऱ्या मावशींना चारशे ऐंशी मिळाले, रोख, पाकिटात घालून. बाहेरच्या देशातून येऊन इथे स्थायिक झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी संग्रहालयातली एक मुलगी रेकॉर्ड करत होती, त्याचं ते मानधन. मावशींनी तिला तासभर गावाकडचं घर सांगितलं. पाच पायऱ्या, निळं दार, मागे विहीर, विहिरीपाशी बांधलेली लंगडी शेळी. त्याच संध्याकाळी पाकिटातल्या ऐंशीचा त्यांनी चष्मा करून घेतला.

पंधरा दिवसांनी ती मुलगी शिंप्याच्या दुकानात हजर झाली. मागच्या खोलीत मावशी एका कोटाला काजं करत होत्या.

"मावशी, एक गंमत सांगू? तुमच्यानंतर मी तिघांशी बोलले. एक सुतार, एक नर्स, एक ड्रायव्हर. गावं वेगळी, घराणी वेगळी. आणि तिघांच्याही विहिरीपाशी लंगडी शेळी!"

"तुमच्या मुलखात धडधाकट शेळी मिळतच नव्हती का हो मावशी?" पडद्यापलीकडून शिंपीमास्तर हसले.

मावशींची सुई बोटात गेली. कोटाला रक्त लागू नये म्हणून त्यांनी बोट तोंडात धरलं. ते बरंच झालं, बोलावं लागलं नाही.

मावशी चौदा वर्षांच्या असताना इथला कायदा असा होता, की इथे राहणाऱ्याला आपली मुलं आणता येत. परक्याला दार बंद. एका दलालाने पैसे घेऊन मावशींना कुणा अनोळखी माणसाची मुलगी करून पाठवलं. बंदरावर साहेब बाप-लेकीला वेगवेगळं बसवून घराबद्दल विचारायचे. पायऱ्या किती, दार कसलं, जनावरं कोणती. उत्तरं जुळली नाहीत की परतीची बोट. म्हणून दलाल घर पाठ करून घ्यायचा, चुकलं की हातावर पट्टी. मेला आळशी! गिऱ्हाईकागणिक नवं घर कोण रचत बसणार? एकच घर त्याने सगळ्यांना विकलं होतं, हे मावशींना आज कळलं.

मावशी खोटी मुलगी बनून आल्या, हे नवऱ्यालाही शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. मुलगा सरकारी नोकरीत, नागरिकत्व आईच्या कागदांवरून मिळालेलं. आईचे कागद खोटे ठरले तर त्याच्या पायाखालची जमीनच गेली.

"माझं रेकॉर्डिंग पुसून टाक," मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. "आत्ता, माझ्यासमोर. तुझ्या पाया पडते, बाळ."

मुलीचं हसू मावळलं. तिने पडद्याकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली. "मावशी, पाया काय पडताय! समजलं मला, ते घर पाठ करून घेतलेलं होतं. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"नाव नको आणि आवाजही नको. आवाज ओळखतात लोक."

मुलीने यंत्र काढलं आणि मावशींच्या नव्या चष्म्यासमोर धरून सगळं पुसलं. मग हळूच विचारलं, "आणि तुमचं खरं घर? ते कसं होतं?"

मावशींनी डोळे मिटले. निळं दार आलं. ते ढकललं तर विहीर, शेळी. पुन्हा पहिल्यापासून शोधलं, पुन्हा तीच शेळी. आईचा चेहरा कुठल्या दारात उभा करावा तेच कळेना. मघाची भीती मुलासाठी होती. ही निराळीच होती. पन्नास वर्षं मावशी दलालाने शिकवलेल्या घरातच राहत होत्या.

मग त्यांचा हात आपोआप डोक्याच्या वर गेला. "कडी... दाराची कडी उंच होती. माझा हात पुरत नव्हता." लगेच त्या दचकल्या. "त्या तिघांनीही सांगितलं का कडीचं?"

"नाही. कडीचं कुणीच बोललं नाही."

"नक्की? नीट आठव गं."

"नक्की, मावशी. कडी तुमचीच."

मावशी त्या वर गेलेल्या हाताकडे बघत राहिल्या. "हे लिहू नकोस हं," त्या म्हणाल्या. "एवढीच उरलीय."

रेकॉर्डिंग पुसलं, तेव्हा मानधन ठेवणं बरं नाही, म्हणून त्यांनी पिशवीतून पाकीट काढून मुलीच्या हातात कोंबलं. ती नको नको म्हणत राहिली. पाकिटात चारशे होते. चष्म्याला गेलेले ऐंशी अजून मुलीला परत द्यायचे आहेत.