एक वाजताचा दहीभात

बळेपेटेच्या आतल्या गल्लीत विठोजी शिंप्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक यंत्र, एक बाकडं आणि भिंतीला ठोकलेल्या खुंट्या. खुंट्यांवर पेटेतल्या बायकांची पोलकी टांगलेली असत. त्याच्या घराण्याला बेंगळुरात येऊन दोन-अडीचशे वर्षं झाली असतील. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड, आणि रागावला की दोन्हींची भेसळ. पण तो रागावे क्वचित.

पोलक्याचं माप बाईच्या अंगावर घेण्याची त्यांच्यात रीत नव्हती. आपलं नीट बसणारं एक जुनं पोलकं बाईनं दुकानात पाठवायचं आणि शिंप्यानं त्यावरून नवं बेतायचं. त्याला मापाचं पोलकं म्हणत. निरोपही त्याबरोबरच येई. दंडाला स्वल्प सैल कर, पाठीला अर्धं बोट वाढव. या निरोपांवरून विठोजीला घरोघरचं कळे. सून अंगानं उतरली तर सासू छळते आहे, भरली तर सुखात आहे. माणसाचं तोंड खोटं बोलेल, पोलकं बोलणार नाही, असं तो शेजारच्या कापडवाल्या देवाप्पाला सांगे. त्यावर देवाप्पा म्हणे, "मग मलाच एक पोलकं शिव, आणि सांग बघू, माझी बायको मला किती छळते ते."

हे शहाणपण विठोजीला बापाकडून आलं होतं. त्यावर त्यानं कधी शंका घेतली नाही, आणि तिथंच त्याचं चुकलं.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात त्याची एकुलती मुलगी कावेरी तापानं पडली. सात वर्षांची होती. विषमज्वर आहे, असं पेटेतले डॉक्टर म्हणाले आणि बजावून गेले की एकवीस दिवस पोटात दाणा जाता कामा नये. आतडं नाजूक झालेलं असतं, फाटतं. बार्लीचं पाणी आणि मोसंब्याचा रस द्या. त्या काळी पुष्कळ डॉक्टर तसंच सांगत. विठोजीनं तो शब्द देवाच्या शब्दासारखा धरला. फडताळाची किल्ली त्यानं आपल्या करगोट्याला बांधली, कारण त्याची बायको तानूबाई मनानं फार हळवी होती आणि तिचा त्याला भरवसा वाटेना.

सतराव्या दिवशी दुपारी एकचा गिरणीचा भोंगा झाला. रोज त्याच वेळी घरात पानं मांडली जात, ते पोरीला आठवलं असेल. तिनं डोळे उघडले.

"आई, दहीभात. एवढाच," ती म्हणाली, आणि अंगठा आणि बोट जुळवून किती ते दाखवलं.

तानूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तिची नजर आधी त्याच्या तोंडाकडे आणि मग त्याच्या कमरेकडे गेली.

"चार दिवस थांब, कावेरी. मग पातेलंभर देईन," विठोजी म्हणाला.

तानूबाई उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथं बसली. दोन दिवसांनी मुलगी गेली.

त्यानंतर विठोजीला अन्न जाईना. घास तोंडात घेतला की ते जुळवलेलं बोट दिसे. भात तर त्यानं सोडलाच. अर्धी भाकरी, पातळ ताक, बाहेर मिळेल ती कॉफी. वर्षभरात त्याचे गाल बसले, गळ्याचं हाड वर आलं. स्वतःचे सदरे त्यानं दोनदा आत घेतले, आणि तिसऱ्यांदा घेताना शिवणीत दाबलेलं जादा कापड कात्रीनं कापूनच टाकलं. आता ते कधी लागणार नाही, असं त्याला वाटलं. पेटेतले लोक त्याच्याकडे बघून हळहळत. पोरीच्या दुःखानं माणूस काडी झाला, म्हणत. कुणी त्याच्यासाठी खीर पाठवी, कुणी ताकदीसाठी लेह्य आणून देई.

तानूबाईचं उलटं झालं. ती भरत गेली. पहिल्या वर्षी तिच्या पोलक्याच्या दोन्ही कडा उसवून झाल्या. दुसऱ्या वर्षी नवीच शिवावी लागली. दर सहा महिन्यांनी ती जुनं पोलकं मुकाट्यानं दुकानाच्या पिशवीत घालून ठेवी आणि विठोजी त्यावरून अंदाजानं इंच-दीड इंच वाढवून दुसरं शिवी. मापाची पट्टी त्यानं तिला कधी लावली नाही. खरं तर पोर गेल्यापासून त्याचा हातच तिला लागला नव्हता. एका घरात दोघं भाडेकऱ्यांसारखी वावरत होती.

विठोजीची थोरली बहीण कौशल्याक्का पलीकडच्या गल्लीत राहत असे. जीभ तिखट, पण भावावर जीव. मुलीच्या नावानं कावळ्याला घास ठेव, म्हणून तिनं तानूबाईला कितीदा सांगितलं, पण तानूबाईनं ठेवला नाही. तेव्हापासून अक्काच्या मनात अढी बसली. एका हळदीकुंकवाला चार बायकांत ती म्हणाली, "आमच्या भावाला दुःखानं खाल्लं. ही दुःखच खाऊन बसली." बायका पदराआड हसल्या. तानूबाईनं कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली आणि घरी आली. त्यानंतर ती कुणाकडे गेली नाही. बाजारात जाणं बंद झालं. दारात सडा घालतानाही मान खाली. चालणं कमी झालं तसं अंग आणखी वाढलं, आणि अंग वाढलं तशी बाहेर पडायची लाज वाढली. दिवसचे दिवस ती स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी बसून काढी. केस विंचरायलाही तिचा हात उठत नसे.

हे विठोजीला दिसत होतं. पण त्याचं बापाकडून आलेलं शहाणपण आड येई. अंग भरलं म्हणजे सुख. हिला घास उतरतो कसा, हा प्रश्न त्याच्या मनात कुजत राहिला, आणि एकदा जेवताना तो बोलून गेला. म्हणाला, "बरं मानवलं तुला." एवढंच. तानूबाईनं पुढ्यातली अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतला. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर चतकोराच्या वर कधी खाईना, तरी अंग काही उतरेना.

सत्तावन्न साली देवाप्पाच्या मुलीला, कमलाला, तोच ताप आला. आता नवे डॉक्टर, नवी औषधं. दहाव्या दिवसापासून तिला मऊ भात चालू केला आणि पोर महिन्याभरात अंगणात खेळू लागली. देवाप्पा साखर वाटत गल्लीत फिरला. विठोजीच्या दारात आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं आणि तो ओशाळून परत फिरला. पण तानूबाईनं दारातून सगळं ऐकलं होतं. विठोजी दोन दिवस दुकानाचं दार आतून लावून बसला. नवराबायकोत त्याबद्दल एक अक्षर निघालं नाही.

एकसष्टच्या पावसाळ्यात विठोजी यंत्रावरच कोसळला. देवाप्पानं टांगा करून त्याला सरकारी इस्पितळात नेलं. तानूबाई कितीतरी वर्षांनी घराबाहेर पडली. इस्पितळाच्या आठ पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. तिथं सत्यवती नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, करड्या केसांच्या. त्यांनी विठोजीला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव पौंड. मग दाराशी धापा टाकणाऱ्या तानूबाईकडे पाहून त्यांनी तिलाही बोलावलं. कौशल्याक्का मागून आलीच होती. ती म्हणाली, "तिला काय झालंय? काटा मोडेल तुमचा." डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं. तानूबाई एकशे चौऱ्याऐंशी पौंड भरली. काट्यावरून उतरताना तिनं डोळ्यांना पदर लावला तो काढलाच नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना वेगवेगळं विचारलं. झोप लागते का, रडू येतं का, कशात मन लागतं का. मग विठोजीला एकट्याला बोलावलं.

"तुमचं दुखणं सगळ्या पेटेला दिसलं, कारण तुम्ही वाळलात. तुमच्या बायकोचंही तेच दुखणं आहे, अण्णा," त्या म्हणाल्या. "दुःखानं माणूस वाळतो तसा फुगतोही. बायका फुगल्या की त्यांना कोणी दुःखी म्हणत नाही. मग त्या आणखी खचतात आणि आणखी फुगतात. त्यांचं काळीज थकलंय. त्या दिवसभरात काय खातात, तुम्ही कधी पाहिलंय?"

विठोजी म्हणाला, माझ्यासमोर चतकोर भाकरी. आणि म्हणता म्हणता त्याला कळलं, की आपल्यामागे काय, हे आपल्याला ठाऊक नाही. आठ वर्षांत तो दुपारचा घरी गेला नव्हता. एकचा भोंगा त्याला घरात ऐकवत नसे, म्हणून तो दुकानातच बसे.

इस्पितळातून सुटल्यावर चौथ्या दिवशी तो दुपारी एकला घरी गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. तानूबाई पाठमोरी बसली होती. तिच्यापुढे कावेरीचा छोटा पाट, पाटासमोर ताट, आणि ताटात दहीभाताचा मोठा ढीग. मिरची-मोहरीची फोडणी नव्हती, पोरीला ती आवडत नसे. तानूबाई काही खात नव्हती, नुसती बसली होती. भोंगा झाला आणि थांबला. भात निवला. मग तिनं ताट स्वतःकडे ओढलं.

विठोजी दारातच खाली बसला. ती दचकली, आणि चोरी पकडल्यासारखा तिनं ताटावर पदर धरला.

"हा तिचा?" त्यानं विचारलं.

"तिनं मागितला होता."

"आणि मग तू खातेस?"

"टाकू कसा? कावळ्याला ठेवला तर ती गेली असं होईल." ताटावरचा पदर काढत ती म्हणाली, "आधी वाटीभर पुरायचा. आता पंधराची झाली असती. या वयात पोरींना भूक फार असते, अहो."

तिनं दर वर्षी पोरीच्या वयाप्रमाणे भात वाढवला होता. कमला बरी झाली त्या वर्षी एकदम दुप्पट.

"मला का नाही सांगितलंस?"

"किल्ली तुमच्याकडे होती ना," तानूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आठ वर्षं ती तेच धरून बसली होती, एवढंच.

विठोजीनं वहाणा काढल्या. मग पाटापाशी सरकला आणि त्यानं ताटात हात घातला. पहिला घास घशात अडकला. तानूबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. आठ वर्षांनी त्याच्या पोटात भात गेला. त्या दिवशी अर्धं ताट त्यानं खाल्लं, अर्धं तिनं.

मग तो रोज एकला येऊ लागला. दुकानाला कुलूप लावून निघाला की देवाप्पा म्हणे, "नवीन लग्न झालंय वाटतं." पहिल्याच महिन्यात विठोजीनं मापाची पट्टी घरी आणली आणि तानूबाईला उभं करून माप घेतलं. दंडाशी आला तेव्हा त्याला बगलेत काळा पडलेला वळ दिसला. पोलकं तिथं काचत होतं. तो दर वेळी मापाच्या पोलक्यावरून छाती-कंबर वाढवी, पण मुंढा, म्हणजे बगलेचा घेर, तोच ठेवी. आठ वर्षं त्याच्याच हातच्या शिवणीनं तिला कापलं होतं, आणि तिनं एकदाही निरोप पाठवला नव्हता. सबंध पेटेच्या बायकांचे निरोप त्याला येत, घरचा तेवढा आला नव्हता. पट्टी हातात धरून तो तिथंच रडला. तानूबाई म्हणाली, आता बसेल नीट.

नवं पोलकं घालून ती त्याच्याबरोबर बनशंकरीला जाऊन आली. तेव्हा ते देऊळ गावाबाहेर शेतांत होतं. बसमधून उतरल्यावरचा रस्ता त्यांनी पाच ठिकाणी बसत बसत काटला. तिथल्या रीतीनं लिंबाच्या सालीत दिवा लावताना ती हसली, असं विठोजी पुढे सांगे, पण सांगताना त्याची खात्री नसे. अंग तिचं थोडं उतरलं, त्याचं थोडं भरलं. फार काही बदललं नाही. काही दिवस ती बरी असे, काही दिवस पुन्हा उंबऱ्याशी बसे, आणि तो शेजारी बसे.

चार वर्षं अशी गेली. पासष्टच्या मार्गशीर्षात सकाळी चूल पेटवता पेटवता तिचं काळीज थांबलं. तांदूळ निवडून ठेवलेले होते.

दिवसवार झाले. कावळ्याला तिचा घास ठेवायच्या वेळी विठोजीचा हात पुढे होईना, शेवटी कौशल्याक्कानंच ठेवला. मग त्यानं दुकान उघडलं. एकला तो घरी जाई, भात करी, दोन ताटं वाढी. कावेरीचं आणि तानूबाईचं. भोंगा होऊन थांबला की दोन्ही ताटं तोच संपवी. टाकणार कसा?

दोन वर्षांत तो ओळखू येईना. पोट सुटलं, मान भरली, यंत्राचा पाय मारताना धाप लागू लागली. पेटेत कुजबुज झाली. पोर गेली तेव्हा काडी झाला होता, बायको गेली तर कसा फुगलाय बघा. ती होती तोवर खाऊ देत नव्हती की काय.

एक दिवस कौशल्याक्का दुकानात आली. बाकड्यावर बसून तिनं भावाकडे नीट निरखून पाहिलं. तिला बरंच वाटलं असावं, कारण मायेनं म्हणाली, "बरं मानवलं हो तुला."

विठोजीनं मान वर केली नाही. आपला सदरा उसवून तो शिवणीत कापड शोधत होता. कापड तिथं नव्हतंच, त्यानंच कधी ते कापून टाकलं होतं. "सरी, अक्का, बरं," तो म्हणाला, आणि सदरा घडी करून बाजूला ठेवला. भोंगा व्हायला अवकाश होता, पण भात शिजायला वेळ लागतो. तो कुलूप घेऊन उठला.